पलीकडच्या पानाची वाट

चान ली-छिंगचा बाप पाटकरी होता. तैवानातल्या चांगह्वाच्या भातखाचरांतनं जो पाट जातो, त्याच्या काठानं तो जन्मभर सायकल हाकत फिरला. ह्याचं दारं धर, त्याचं मोड, ह्याची पाळी संपली, त्याची लागली. पाणी एकदा भलत्याच्या रानात शिरलं की ओंजळीनं भरून परत आणता येत नाही. म्हणून चूक झाली की लोक दारात येऊन आयमाय उद्धरत आणि तो मान खाली घालून गुमान ऐकून घेई. लेकीनंही पुढं हेच काम केलं. फक्त तिच्या पाटात पाणी नव्हतं.

ताइचुंगच्या अंगाला, टेकाडाखालच्या कारखान्यांच्या दाटीत एक कंपनी आहे. कारखान्यातले लोखंडी हात ज्या आज्ञांवर हलतात, त्या आज्ञा ती विकते. आज्ञांच्या तयार पेट्या असतात. धंद्यातली माणसं त्यांना लायब्ररी म्हणतात, पण त्यात पुस्तक एक नसतं. ह्या कंपनीच्या दोन पेट्या मोठ्या. एक 'चाल', म्हणजे हात कसा उचलायचा, कसा फिरवायचा, किती जोरात. दुसरी 'राखण', म्हणजे माणूस जवळ आला तर त्या हाताला आवरायचं कसं. दोघी एका घरातल्या जावांसारख्या. चुली वेगळ्या, माणसं वेगळी, बसायचे मजलेही वेगळे, पण एकीचं मीठ दुसरीच्या फडताळात.

प्रत्येक पेटीची माहितीपानं असतात. कोणती आज्ञा काय करते, कुठं जपायचं, ते त्यात लिहिलेलं. ती पानं कंपनीच्या साइटवर, गिऱ्हाइकांपुरती, कुलपाआड. 'चाल'च्या पानावर लिहिलेलं असायचं की हात थांबवायचा तर 'राखण'मधलं अमुक पान बघा, आणि त्या शब्दावर बोट टेकलं की माणूस ह्या घरातनं त्या घरात जायचा. अशा वाटा बख्खळ. त्या बांधायच्या, मोडल्या तर नीट करायच्या, हे छिंगचं काम. रीत अशी, की प्रत्येक पेटी आपल्या पानांचा नकाशा बाहेर टांगून ठेवते, ह्या नावाचं पान ह्या पत्त्यावर. शेजारणीची पानं नव्यानं बांधायला घेतली की बांधणारं यंत्र आधी तो नकाशा आणतं आणि नावावरनं पत्ता हुडकून वाट जोडतं. छिंगनं लिहायचं ते फक्त नाव.

पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, मानेवर कात्रीनं कापल्यासारखे केस. लग्न केलं नाही. "सासरला जायची वाट सापडली न्हाई," म्हणायची, "दुसऱ्यांच्या वाटा बांधण्यातच ऱ्हायली." कंपनीत सगळे तिला छिंगताई म्हणत, साहेबसुद्धा. दुपारी जेवण झालं की टेबलावर उशी घेऊन ती डोकं टाकायची आणि घोरायची, आणि तिचं घोरणं थांबलं की लोक कामाला लागायचे.

पानं बांधणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. त्या मुलखात कुठल्याही यंत्रावर ते असतंच. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच पाहिजे आणि खाऊची मुदत संपलेली नसली पाहिजे, नाहीतर यंत्र रुसतं. हे पाकीट बदलायचं कामही छिंगताईकडंच.

"शिळं झालं तर काय होतं, ताई?" नवी आलेली पोरं मुद्दाम विचारायची.

"तुझ्या डोक्यावर ठेवते, मग बघ," ती म्हणायची.

पानांच्या तळाशी एक फोन नंबर असे. पान कळलं नाही तर इथं विचारा. साधारणपणे तिथं कुणी फोन करत नसे, कारण माणसं पानं वाचतच नाहीत. वाचणारा एकच होता. लुकांगच्या पलीकडं, समुद्राकाठी, नळाच्या तोट्या ठोकणारे कारखाने आहेत. तिथं यंत्रं बसवून द्यायचं काम करणारा वू मू-हुओ. गावात त्याला आहुओ म्हणत. त्याला छिंगताईनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज तिला पाठ होता.

"ताई, तुमच्या पानावर लिवलंय 'तिकडं बघा'. तिकडं गेलो तर तिथं लिवलंय 'पयल्या पानावर बघा'. मी काय घाण्याचा बैल हाय का?"

"कुठलं पान?"

"सांगतो. आदी हसा तरी."

ती पान नीट करायची आणि त्याला उलटा फोन करून सांगायची, बघ रे आता. तो बघायचा, आणि फोन न ठेवता मोठ्यानं वाचून दाखवायचा, शाळेतल्या पोरासारखा. "आता पोचतंय," म्हणायचा. बोलता बोलता त्याच्या घरचंही कळायचं. की बहीण मेइयून त्याच कारखान्यात तोट्या घासते, की दाजी थ्येनफू प्रेसवर आहे, की दाजीला कालवं घातलेलं आमलेट आवडतं आणि बहिणीला करायचा कंटाळा.

मग 'चाल'ची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्या मागोमाग 'राखण'चीही.

'राखण'च्या माणसांनी आपल्या पानांची सगळी मांडणी बदलली. जुन्या आवृत्तीची पानं उचलून वेगळ्या पत्त्यावर नेली आणि आधीच्या जागी नवी मांडली. नकाशा फिरला. छिंगताई 'चाल'ची पानं बांधायला गेली तर यंत्रानं लाल अक्षरांचा पाऊस पाडला. ही वाट सापडत नाही, ती वाट सापडत नाही. मोडलेल्या वाटा असल्या की पानं बाहेर पडायचीच नाहीत, असा नियम तिनंच कधीकाळी लावून घेतला होता.

विभागाचे साहेब को पो-येन तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. चाळिशीतला माणूस, पोट सांभाळून असलेला, वाईट नव्हे. तैपेईचं यंत्रांचं प्रदर्शन तोंडावर आलेलं.

"छिंगताई, किती वेळ लागेल?"

"'चाल'ची जुनी आवृत्ती जुन्या 'राखण'ला बांधायची, नवी नवीला. एकेक तपासून. महिना तरी लागंल."

"महिना? प्रदर्शन काय महिनाभर थांबणार आहे का? सगळ्या वाटा नव्यावर नेऊन सोडा. नवी पानं कधी मोडत नाहीत."

"साहेब, पर जुनी पेटी वापरणाऱ्या माणसाला नवं पान दिसंल."

"पानाच्या माथ्यावर आवृत्ती लिहिलेली असते की."

"करंगळीच्या नखाएवढी."

"मग चष्मा लावतील. प्रदर्शन झालं की नीट करू. माझा शब्द."

तिनं केलं. दुपार संपायच्या आत लाल अक्षरं गेली, सगळं हिरवं झालं. प्रदर्शन पार पडलं. तिनं साहेबांना आठवण करून दिली. ते म्हणाले, नववर्षाची सुट्टी झाली की. सुट्टी झाल्यावर पुन्हा करून दिली. ते म्हणाले, माणसं कमी आहेत, ताई, बघताय ना. त्यानंतर तिनं विचारलं नाही. वाटा दिसायला चांगल्या होत्या. बोट टेकलं की पान उघडत होतं. कुणाची तक्रार नव्हती.

वर्ष उलटलं. एका सकाळी को साहेब स्वतः पपईचं दूध घेऊन तिच्या टेबलाशी आले. असं ते कधी करत नसत.

"तुमचं ते जुन्याला जुनं बांधायचं राहिलंय ना? आज करून टाका. 'राखण'कडून दोन माणसं मागवलीत मदतीला."

"आज काय झालं?"

"वर्षभर भुणभुण तुम्हीच करत होता. आता करा म्हणतो तर काय झालं विचारताय."

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. अंगातला काटा निघावा तसं. तिघांनी मिळून जुन्या 'चाल'ची एकेक वाट जुन्या 'राखण'वर नेली. सूर्य कलायच्या आत पानं बांधून झाली, जुनी बांधलेली पानं पुसून नवी त्यांच्या जागी बसली. नेहमीच तसं होई. बांधलेली पानं कुणी जपून ठेवत नसत. लागली तर पुन्हा बांधता येतात की, असं सगळे म्हणत. तिनं हिरवं पाकीटही बदललं, मुदतीला अजून अवकाश होता तरी.

दोन दिवसांनी खाणावळीत ती डब्यातली कोंबडीची तंगडी सोलत होती. वर टीव्हीवर लुकांगकडची बातमी चाललेली. तोट्यांच्या कारखान्यात लोखंडी हात अंगावर पडून कामगार मेला. नाव शिह थ्येनफू. अडकलेली तोटी काढायला कुंपणाचं दार उघडून आत वाकला होता. दार उघडलं तसा हात थांबला, आणि मग वरनं खाली आला. यंत्र बसवणारा त्याचाच मेहुणा. मग मेहुण्याचं तोंड दिसलं, टोपी खाली ओढलेली. तो म्हणत होता, "मी पान वाचून केलं. त्या पानावर आता ते नाही. मी वाचलं तवा व्हतं."

आवाजावरनं तिनं ओळखलं. चॉपस्टिक खाली ठेवल्या.

काय झालं असेल ते तिला बसल्या जागी दिसलं. हात थांबवायची आज्ञा दोन्ही 'राखण'मध्ये आहे, नाव तेच. जुन्या पेटीत ती आज्ञा हात नुसता थांबवते. वर उचललेला हात तसाच राहावा म्हणून खीळ बसवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. नव्या पेटीत थांबवलं की खीळ आपोआप बसते, आणि नव्या पानावर तसं लिहिलेलं आहे, वेगळी खीळ लावू नये. आहुओच्या यंत्रात पेटी जुनी. पान जुन्या 'चाल'चं. पण पानावरची वाट त्याला नव्या 'राखण'मध्ये घेऊन गेली. टीव्हीवर सांगितलं तसं त्यानं यंत्र दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं, आज्ञा नव्यानं लिहिल्या, आणि पान म्हणालं तसं खीळ लावली नाही.

आणि ती वाट तिनं परवा नीट केली होती. आता कुणीही आहुओच्या मागोमाग त्या पानावर बोट टेकलं तर जुनंच पान उघडणार, त्यात ठळक अक्षरांत, खीळ वेगळी लावा, नाहीतर हात पडेल.

ती तशीच उठून को साहेबांच्या खोलीत गेली.

"तुमास्नी ठावं व्हतं."

साहेबांनी दार लावून घेतलं. "खीळ नव्हती म्हणून हात पडला, एवढं कळलं होतं. माणूस गेला हे नंतर कळलं. छिंगताई, ते पान तसंच ठेवून दुसरीकडं आणखी एक हात पडू द्यायचा होता का? बोला."

ते खरं होतं.

"पर त्यो माणूस खोटा पडतोय."

"सरकारी चौकशीला बाई आल्या होत्या. त्यांनी पान बघितलं. पान बरोबर आहे. आपण काहीच बोललो नाही, त्यांनीच बघितलं." मग हलक्या आवाजात, "वाटा कुणी बांधल्या होत्या, ते नाव सांगायची वेळ माझ्यावर आणू नका. तुमचंच नाव आहे ते."

"व्हय," ती म्हणाली. "माझंच हाय."

तिनं ठरवलं, मागची पानं पुन्हा बांधून दाखवायची. पानांचा मूळ मजकूर होता, एकेका दिवसाचा सांभाळलेला. गेल्या महिन्याचा मजकूर काढला, यंत्राला दिला, बांधणी चालू केली. यंत्रानं शहाण्यासारखं काम केलं. रीतीप्रमाणं आधी शेजारणीचा नकाशा आणायला गेलं आणि आजचा नकाशा घेऊन आलं. मागचा नकाशा शेजारणीनं ठेवलेलाच नव्हता. त्यात मदतीच्या दोन माणसांनी जुन्या पत्त्यांवरनंही नीट जागी वळवायची सोय करून ठेवलेली. बांधलेलं पान तिनं उघडलं, शब्दावर बोट टेकलं. जुनं 'राखण'. खीळ वेगळी लावा.

तिनं पुन्हा बांधलं. पुन्हा तेच. गेल्या महिन्याचं पान आणि वाट आजची. आहुओनं वाचलं ते पान आता बांधूनही मिळत नव्हतं.

चौकशीच्या बाईंना तिनं फोन केला आणि सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"हे दाखवता येईल का तुम्हाला?"

"न्हाई."

"तुमच्या साहेबांनी नंतर लिहून दिलंय की पानात चूक नव्हती. तुम्ही म्हणताय होती. तुमचं म्हणणं लिहून घेते. पण आजी, मला जे दिसतं त्यावरच बोलावं लागतं." आवाजावरनं बाईंना ती म्हातारी वाटली असावी.

राहता राहिलं आहुओचं घर. कायद्याला दाखवायला पुरावा लागतो, पण घरात काय चाललं असेल ते तिला, गावात वाढलेलीला, न सांगता कळत होतं. नवरा मेलेली बहीण, आणि यंत्र बसवणारा भाऊ, जो म्हणतोय की पान बदललं. आपल्या कातडीसाठी माणूस काय काय म्हणतो.

रविवारी ती बसनं गेली. गल्लीत मांडव टाकलेला. आत थ्येनफूचा फोटो, फुलं, जपाची टेप चाललेली. लांब टेबलाभोवती बायका सोनेरी कागदाची कमळं दुमडत बसल्या होत्या, मेलेल्याबरोबर जाळायची. जितकी कमळं तितकी त्याची पुढची वाट सोपी, असं म्हणतात. टेबलाच्या टोकाला मेइयून. बोटं चालत होती, डोळे कोरडे.

गल्लीच्या पलीकडं गटाराच्या कठड्यापाशी एक माणूस उलट्या क्रेटवर बसला होता, टोपी खाली ओढून. त्याच्या गुडघ्यावरही सोनेरी कागद. दुमडलेली कमळं तो शेजारच्या गोणीत टाकत होता. गोणी फुगली होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

छिंगताईनं उदबत्ती लावली, नमस्कार केला आणि टेबलाशी रिकाम्या खुर्चीत बसली. कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. मयताच्या मांडवात हात आले की काम देतात. शेजारच्या म्हातारीनं तिच्यापुढं कागद सरकवले.

"पाकळी उलटी दुमडलीस, बाई," थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली. "मेल्यावर तरी धड बसू दे त्येला. जित्तेपणी बूड टेकलं न्हाई."

"त्यो गल्लीपल्याड कोण?" छिंगताईनं विचारलं, ठाऊक असून.

"भाऊ तिचा. सकाळधरनं अंधार पडंस्तवर दुमडत बसतुया. ह्यी म्हणती, त्याच्या हातचं एक बी फूल माझ्या मालकाच्या आगीत नको." म्हातारीनं आवाज खाली आणला. "एका ताटात जेवल्याली भावंडं. पर चूक केली तर केली म्हणावं. कागद बदलला, पान बदललं, असलं कोण ऐकतंय?"

छिंगताईनं हातातलं कमळ पुरं केलं. मग उठून टेबलाच्या टोकाला गेली.

"मेइयून, मी कंपनीतनं आलीया. ती पानं ज्या कंपनीची, तिथनं."

टेबलावरची बोटं थांबली. मेइयूननं वर बघितलं. "फुलं घिऊन आला असाल तर तिकडं ठिवा."

"फुलं न्हाईत. तुझ्या भावानं वाचलं त्ये बरोबर वाचलं. पान दुसरंच उघडत व्हतं. त्या पानाची वाट मी बांधल्याली, माझ्या हातानं. चुकीच्या जागी."

"तुला त्यानं आणलंय?"

"मी त्येला आज पयल्यांदा बघितलं."

"मंग त्ये पान दाव."

"न्हाई दावता येत. त्यो मेला त्येच्या दुसऱ्या दिशी मीच वाट नीट केली. मला ठावं नव्हतं कशापायी करायला सांगितलं त्ये. आता आधीचं काय बी शिल्लक न्हाई."

"मंग कशावरनं खरं मानू?"

"माझ्या तोंडावरनं. दुसरं काय बी न्हाई माझ्यापाशी."

जपाची टेप संपली आणि कुणीतरी ती परत लावली. मेइयून तिच्याकडं बघत राहिली, बाजारात मासा बघावा तसं, कल्ला उचलून.

"वाट चुकीची हाय ह्ये तुला किती दीस ठावं व्हतं?"

"वरीसभर."

"कुणाला बोललीस?"

"साहेबाला. दोनदा."

"आणि मंग?"

"मंग मी गप बसले."

"का?"

छिंगताईनं विचार केला. "पान उघडत व्हतं. कोण बोंबलत नव्हतं. मला वाटलं चाललंय."

मेइयूननं हातातला कागद टेबलावर ठेवला, तळव्यानं सपाट केला आणि उठली. गल्ली ओलांडून भावापाशी गेली. त्याच्याशी बोलली नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. गोणी उचलली, छातीशी धरून मांडवात आणली आणि फोटोखालच्या ढिगावर उपडी केली. कमळं घरंगळत खाली आली. ती तिनं गोळा करून परत ढिगावर ठेवली. म्हातारी मदतीला उठली तर हातानंच नको म्हणाली.

मग छिंगताईच्या खुर्चीपाशी आली. तिथं तिनं दुमडलेली कमळं होती, मूठभर, दोन-चार वाकडी. मेइयूननं ती प्लास्टिकच्या पिशवीत भरली, गाठ मारली आणि तिच्या हातात दिली.

"ह्यी तू घिऊन जा. त्येच्यासंगं ह्यी जायची न्हाईत."

छिंगताईनं पिशवी घेतली.

"सांगाया आलीस, त्ये ऐकलं," मेइयून म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

आहुओ क्रेटवर तसाच होता, हात रिकामे. ती जवळनं जाताना त्यानं टोपी वर केली. टीव्हीत दिसला त्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

"छिंगताई?"

"व्हय."

"मला वाटाया लागलं व्हतं, मीच चुकीचं वाचलं. परत परत उघडून बघायचो. दर वक्ताला त्येच, खीळ लावा, खीळ लावा. म्हणलं डोस्कं फिरलं माजं." तो थांबला. "मी खीळ काढली न्हाई, ताई. लावलीच न्हाई. पान म्हणलं, आपुआप बसती."

"म्हणलं व्हतं."

"मोठ्यानं वाचलं व्हतं मी. दाजीला वाचून दावलं. त्यो म्हणला, बरं झालं, एक काम कमी."

गल्लीतलं कुत्रं येऊन त्याच्या पायाशी सांडलेले कागदाचे तुकडे हुंगून गेलं. मयताच्या दारातनं निघताना येते म्हणत नाहीत. ती काही न म्हणताच निघाली, आणि त्यानंही पुन्हा या असं म्हटलं नाही.

चौकशीचा निकाल उन्हाळ्यात लागला. बसवणाऱ्यानं माहितीपानातली सूचना पाळली नाही, असं त्यात होतं. छिंगताईचं म्हणणं शेवटी जोडलेलं, आणि खाली, यास आधार सापडला नाही. आहुओचा यंत्र बसवायचा परवाना गेला. तो आता मावसभावाबरोबर शिंपल्यांच्या शेतीवर जातो असं तिच्या कानावर आलं. फोन त्याचा पुन्हा आला नाही. तिनंही केला नाही.

कंपनीनं तिला काढलं नाही. काढलं असतं तर ती खरी ठरली असती. वाटा बांधायचं काम मात्र 'राखण'च्या माणसांकडं गेलं आणि तिला दुसऱ्या मजल्यावर, खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर तपासायला बसवलं. को साहेब जिन्यात भेटले की मान हलवतात. त्यांनी एक मात्र केलं. बांधलेल्या पानांचे आणि नकाशांचे रोजचे जसेच्या तसे साठे ठेवायचे, असा हुकूम काढला. खर्च फार नव्हता. आधी कुणाला सुचलं नव्हतं एवढंच.

सातव्या महिन्यात, भुतांच्या दिवसांत, कंपनीच्या दारात दरवर्षीप्रमाणं टेबल मांडलं. फळं, नूडल्सची पाकिटं, सोललेली कोंबडी, बाटल्या. ज्यांना कुणी नाही अशा मेलेल्यांसाठी. बाजूला पत्र्याच्या पिंपात कागद जाळत होते, सगळा विभाग भोवती उभा. छिंगताई खालच्या खणातली गाठ मारलेली पिशवी घेऊन खाली आली. पिंपापाशी बराच वेळ उभी राहिली. आच तोंडावर येत होती. मागं रांग लागली.

"ताई, टाका की," मागनं कुणीतरी म्हणालं.

"ह्यी न्हाईत जायची," ती म्हणाली आणि रांगेतनं बाजूला झाली.

पिशवी तिनं वर नेऊन परत खणात ठेवली. मग तिसऱ्या मजल्यावर गेली, जिथं आता तिचं काही काम नव्हतं, आणि पानं बांधणाऱ्या यंत्रावरच्या हिरव्या पाकिटाची तारीख बघितली. मुदत टळून गेली होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. खाली दुकानात जाऊन नवीन आणलं आणि ठेवलं.